खांद्यातलं बोटभर अंतर

हजेरीपटावर त्याचं नाव काय होतं ते हजेरी घेणाऱ्या कारकुनालाच ठाऊक. बाकी सगळ्यांचा तो मामा. मोठ्या रुग्णालयात स्ट्रेचर आणि चाकाची खुर्ची ढकलणारा प्रत्येक पुरुष मामा असतो आणि बेडपॅन देणारी प्रत्येक बाई मावशी. वरच्यांना सर आणि मॅडम पुरतं. नाती जोडायची ती खालच्यांशी. त्यातही हा साधा मामा नव्हता, क्रेनमामा होता. इमारतीची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते, मामा तीस वर्षांत एकदाही नाही, असं शिकाऊ पोरं म्हणत.

त्याची ख्याती एकाच गोष्टीची. पलंगावरचा माणूस सात सेकंदांत खुर्चीत. समोर उभं राहायचं, दोन्ही काखांत हात घालायचे, "एक, दोन, हं!" म्हणायचं, की माणूस खुर्चीत. मग तो शंभर किलोचा का असेना. कुणी कण्हलं तर मामा म्हणायचा, "झालं, झालं, विमान उतरलं." लोक हसायचे. वॉर्डात चाळीस पलंग, मामा दोन, आणि एक्स-रेवाल्यांचा फोन सकाळपासून खणखणतोय. तिथे सात सेकंदांना मोल होतं. हे तो शिकला कुणाकडून? आधीच्या मामाकडून. तो त्याच्या आधीच्याकडून. उचलायला शिकवणारं माणूस नेमायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रुग्णालयाच्या मागे क्वार्टर्स होती. तिथे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्याची बायको होती. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आधी ती बसच्या आगारात चौकशीच्या खिडकीत बसायची. तोंडाने फटकळ. "गाडी कधी येईल हो?" असं कुणी तिसऱ्यांदा विचारलं की, "मला विचारून निघत नाही ती," असं सुनावणारी. आता त्या तोंडातून एकच आवाज यायचा, आ आणि ऊ यांच्या मधला, ओढल्यासारखा. तहान लागली तरी तोच, राग आला तरी तोच.

मामाने तिचं सगळं केलं. हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याला दोन शब्द सुनावावेसे वाटतील. सकाळी ड्यूटीआधी अंग पुसणं, कपडे, वेणी. वेणी वाकडी यायची, पण यायची. मग उचलून खुर्चीत. दुपारच्या सुट्टीत धावत येऊन परत पलंगावर. संध्याकाळी पुन्हा खुर्ची, खिडकीशी. ती पलंगावर खाली घसरली की तो तिचं उजवं मनगट धरून वर ओढायचा. तो हात असाही निकामी, त्याचं आणखी काय बिघडणार?

उचलताना ती ओरडायची. रोज. दिवसातून चारदा.

"अगं, लाडात येऊ नकोस," तो म्हणायचा. "तीस वर्षं माणसं उचलतोय. एकाने तक्रार केली नाही."

खोटं नव्हतं ते. वॉर्डातला माणूस चार दिवस राहतो आणि घरी जातो. तक्रार करायला परत कोण येतं?

लेक लांबच्या गावी नोकरीला. रविवारी तिचा फोन यायचा. मामा फोन बायकोच्या कानाला लावायचा, लेक बोलायची, आई ऐकायची. एकदा फोन चालू असतानाच त्याने तिला वर ओढलं आणि लेकीने ती आरोळी ऐकली.

"बाबा, आई का ओरडतेय?"

"स्वभाव गं तिचा. आधी काय कमी ओरडायची?"

लेक हसली. पण पुढच्या रविवारी तिने परत विचारलं, आणि मामाने परत तेच सांगितलं.

त्या वर्षी रुग्णालयाच्या कॉलेजात वरून पत्र आलं की, डॉक्टरकीची, नर्सिंगची, फिजिओथेरपीची आणि औषधशास्त्राची मुलं आठवड्यातून एकदा एकत्र शिकली पाहिजेत. एकाच रोग्याभोवती आयुष्यभर काम करणारी ही माणसं चार वेगवेगळ्या इमारतींत शिकत होती आणि कँटीनमध्येसुद्धा चार वेगळ्या टेबलांवर बसत होती. पत्र आलं तेव्हा सगळ्या विभागप्रमुखांनी नाकं मुरडली आणि ते लोढणं नर्सिंगच्या मुख्य बाईंच्या गळ्यात बांधलं.

बाई खमक्या. त्यांनी जुनी प्लास्टरची खोली झाडून घेतली, मधोमध पलंग ठेवला, दर बुधवारी दुपारी दोनची वेळ लावली. पहिल्याच दिवशी पोरं चार कळपांत चार कोपरे धरून उभी राहिली. बाईंनी सगळ्यांचे कोट उतरवून बाहेरच्या खुंट्यांवर टांगायला लावले.

"आता सांगा, डॉक्टर कोण?"

"मॅडम, ज्याला पलंगाची चादर घालता येत नाही तो," एक नर्सिंगची मुलगी म्हणाली. सगळे खो-खो हसले आणि त्या हसण्यातच कळप जरा विस्कटले.

वर्गाचा नियम बाईंनीच बसवला होता. एकाने काम करून दाखवायचं, आणि दुसऱ्या विद्येच्या माणसाने फक्त दिसलं ते सांगायचं. "चांगलं, वाईट, चूक, बरोबर, हे शब्द बाहेर कोटाच्या खिशात राहू देत," बाई म्हणायच्या. "डोळ्यांना काय दिसलं तेवढं बोला." वाटतं सोपं, पण भावी डॉक्टरांना ते महिनाभर जमलं नाही. त्यांना डोळ्यांच्या आधी मत दिसायचं.

पाचव्या बुधवारी बाईंनी मामाला बोलावलं. "रोगी पलंगावर उगवत नाही," त्या मुलांना म्हणाल्या. "त्याला तिथे आणतं कोण आणि कसं, ते बघा."

मामा त्या दिवशी दोनदा दाढी करून गेला. तीस वर्षांत त्याला वर्गात पहिल्यांदाच बोलावलं होतं, तेही शिकवायला. निघताना बायकोला म्हणाला, "बघ, सर झालो आज." तिने डाव्या हाताने त्याची कॉलर सरळ केली. तेवढं तिला यायचं.

रोगी झाला औषधशास्त्राचा एक गुटगुटीत मुलगा. त्याला सगळे गोळीवाला म्हणत. उजवी बाजू लुळी सोडून तो पलंगावर बसला. "मामा, जपून हं, लग्न व्हायचंय माझं."

"पोरगी खुर्चीतच बसलीये असं समज," मामा म्हणाला. काखांत हात, एक, दोन, हं! गोळीवाला खुर्चीत. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"टाळ्या राहू देत," बाई म्हणाल्या. "काय दिसलं?"

फिजिओथेरपीची एक मुलगी उठली. चणीने एवढीशी, म्हणून तिला चिमणी म्हणत. तिने जणू पाठ केल्यासारखं सांगितलं, "मामांचे दोन्ही हात काखेत गेले. वजन काखेवर आलं. उजवा खांदा कानापर्यंत वर गेला. उजवा हात मागे लोंबत राहिला, खुर्चीच्या दांड्याला आपटला. पेशंटचं तोंड वाकडं झालं. मामा तेव्हा खुर्चीकडे बघत होते."

गोळीवाला खांदा चोळत होता. "मी ढिलाच सोडला होता मॅडम, पण शेवटी आपोआप आवळला गेला. नसता आवळला तर काय झालं असतं?"

"ज्याची बाजू खरोखर गेलीये त्याला आवळताच येत नाही," चिमणी म्हणाली. तिने त्याच्या खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं. "इथे दंडाचं हाड खोबणीत बसलेलं असतं. ते स्नायूंनी धरून ठेवलेलं असतं. स्नायूच लुळे पडले की हाड खाली लोंबतं. काखेतून उचललं, हात ओढला, की ते आणखी सुटतं. मग इथे खळगा पडतो, बोट मावेल एवढा. फार दुखतं ते. दाढ ठणकते ना, तसं."

"पोरी," मामा म्हणाला, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून उचलतोय मी माणसं."



"मामा, तिने चूक म्हटलेलं नाही," बाई हळू म्हणाल्या. "दिसलं ते सांगितलं."

"मला ड्यूटी आहे," मामा म्हणाला आणि रिकामी खुर्ची ढकलत निघून गेला. खुर्चीचं एक चाक करकरत होतं, ते जिन्यापर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको पलंगावर उशीला टेकून होती. चप्पलही न काढता तो तिच्याजवळ गेला. तिच्या झग्याची वरची दोन बटणं काढली. आधी डावा खांदा चाचपला. हाडाला हाड घट्ट, बोट शिरायला जागा नाही. मग उजवा. खांद्याच्या टोकाखाली त्याने पहिलं बोट ठेवलं, आणि ते आत गेलं. पिकलेल्या फळात जावं तसं गेलं.

ती ओरडली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"केव्हापासून?" त्याने विचारलं. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला असलं काही विचारू नये, पण त्याने विचारलं. तिने डावा हात उचलला, उजव्या खांद्यावर ठेवला, आणि त्याचं बोट हळूच बाजूला केलं.

पुढचे दोन बुधवार मामा वर्गाकडे फिरकला नाही. वॉर्डात त्याचे सात सेकंदही गेले. पेशंटच्या काखेशी हात न्यायचा आणि तिथेच थबकायचा. "मामा, बरं नाही का?" सिस्टरने विचारलं. "पाठ धरलीये," तो म्हणाला.

तिसऱ्या बुधवारी तो गेला, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यात बायकोचे तीन वर्षांचे कागद. पिशवी बाईंच्या हातात दिली. "वाचा म्हणावं यांना."

"मामा, घरचे कागद आहेत हे."

"म्हणूनच. मला इंग्रजी नीट येत नाही. आणि एकट्याने वाचवत नाही."

बाईंनी पानं वाटली. प्रत्येकाला मुद्दाम दुसऱ्याच्या विद्येचं पान दिलं आणि सगळ्यांना कळेल असं सांगायला लावलं.

भावी डॉक्टराने नर्सची नोंद वाचली. "उचलताना ओरडते. सहकार्य करत नाही."

नर्सिंगच्या मुलीने फिजिओची नोंद वाचली. "उजव्या हाताला स्पर्श करू देत नाही. व्यायाम थांबवले."

गोळीवाल्याने डॉक्टरांचं पान वाचलं. "वारंवार रडते. मन खिन्न. गोळी चालू केली." मग तो आपल्याच विद्येचं बोलला, "ही मनाची गोळी आहे. दुखण्यावरचं काही दिलेलंच नाही. तीन वर्षांत एकदाही नाही."

तिघं तीन पानांवर एकच गोष्ट लिहून बसले होते, आणि पान उलटायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. हे कळायला विद्वत्ता लागत नाही. उलटून बघायला हात लागतो फक्त.

चिमणीच्या वाट्याला घरी सोडतानाचा कागद आला होता. ती वाचायला उठली आणि थांबली.

"वाच," मामा म्हणाला.

"घरी सांभाळणारी व्यक्ती, पती." तिचा आवाज खाली गेला. "रुग्णालयातले अनुभवी कर्मचारी. उचलण्याचं प्रशिक्षण देण्याची गरज नाही."

बाहेरच्या शिक्षकाला, कारकुनाला, दुकानदाराला त्या वॉर्डात अर्धा तास बसवून शिकवतात, बायकोला कसं उठवायचं, हात कुठे घालायचा, कुठे नाही. मामाला नाही शिकवलं, कारण तो आपला माणूस. सिस्टरने आदराने लिहिलं होतं ते.

"सिस्टर विचारायला आली होती," मामा म्हणाला. "मीच म्हणालो, मला काय शिकवता?"

बाई म्हणाल्या, "मामा, त्या वेळी त्या वॉर्डाची प्रमुख मी होते. खाली सही माझीच असेल." चिमणीने कागदाच्या तळाशी बघितलं. होती.

रविवारी मामाने लेकीला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती रडेल, नाही तर भांडेल. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर चिमणी आणि गोळीवाला संध्याकाळी घरी येऊ लागले, कधी बाईही. दुखण्याची गोळी डॉक्टरांकडून लिहून आणली. हाताखाली उशी आली, खुर्चीला हात ठेवायची फळी आली. चिमणीने मामाला पहिल्यापासून शिकवलं. लुळ्या बाजूला उभं राहायचं. तिचा पाय आपल्या गुडघ्याने अडवायचा. एक हात पाठीमागे, खांद्याच्या फऱ्याखाली. दुसऱ्याने तिचा हात कोपरापाशी तोलायचा. पुढे वाकू द्यायचं. तिचं तिला उठू द्यायचं. ओढायचं काही नाही. दीड मिनिट लागलं तर लागू दे. छप्पन वर्षांचा गडी लहान पोरासारखा शिकला, गोळीवाल्यावर सराव करकरून. "मामा, तुमच्यामुळे माझं वजन सगळ्या कॉलेजला कळलं," गोळीवाला म्हणायचा. आणि मामाला खरोखर आलं. बाईंच्या डोळ्यांनाही काही खोट काढता येईना.

चिमणीने बायकोला उठवलं, तेव्हा ती ओरडली नाही. एकदाही नाही. खळगा काही भरला नाही. तीन वर्षांनी भरत नाही, हे चिमणीने स्पष्टच सांगितलं होतं. पण दुखणं उतरलं. ती झोपायला लागली. गोळीवाल्याच्या नकलांना हसायला लागली, अर्ध्या तोंडाने.

मग मामा पुढे झाला. नीट, शिकवल्याबरहुकूम. लुळ्या बाजूला उभा राहिला, वाकला. आणि तिने डावा हात आडवा घालून उजवा खांदा झाकला. अंग आखडून भिंतीकडे सरकली. त्याने अजून स्पर्शही केला नव्हता.

"अगं, आता नाही दुखायचं," तो म्हणाला. "शिकलोय मी. बघ तरी."

ती बघत होती त्याच्याकडे. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर बरं झालं असतं, रागाची त्याला सवय होती.

त्याने पंधरा दिवस रोज करून पाहिलं. रोज तो हात आडवा यायचा. शेवटी त्याने चिमणीला जिन्यात गाठलं. "माझं काही चुकतंय का गं?"

"नाही मामा. तुम्ही माझ्यापेक्षा छान करता."

"मग?"

चिमणीला वीस वर्षांच्या पोरीला यावं तेवढंच बोलता आलं. "त्यांना कळत असेल मामा. अंगाला कळत नाही. अंग पाव सेकंद आधीच आखडतं. अन् आखडलं की दुखतं."

"म्हणजे मी हातच लावू नये?"

चिमणी पायरीवरची धूळ चपलेने इकडची तिकडे करत राहिली.

तेव्हा मामाने स्वतःच ठरवलं. कुणी सांगितलं नाही त्याला. वॉर्डातल्या एका मावशीला चिमणीकडून शिकवून घेतलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ मावशी यायची, बायकोला उठवायची, बसवायची, निजवायची. तेवढा वेळ मामा स्वयंपाकघरात दार लोटून उभा राहायचा. अख्ख्या इमारतीतली माणसं उचलणारा माणूस, बायकोला दुसऱ्याने उचलेपर्यंत ओट्याशी उभा. मावशीने "झालं हो," म्हटलं की चहा घेऊन बाहेर यायचा. चहा त्याच्याच हातचा लागायचा तिला. वेणीही. डोक्याला हात लावलेला चालायचा. मानेच्या खाली नाही.

दर बुधवारी तो वर्गात जात राहिला. नव्या तुकडीला उचलणं शिकवायचा. कुणी घाई केली तर त्याला बाजूला घ्यायचा आणि आपल्या बायकोच्या खांद्याची गोष्ट सांगायचा. साधी, सरळ, स्वतःला न वाचवता. मुलं वह्यांत लिहून घेत. रुग्णालयात आता सोडतानाच्या कागदावर "प्रशिक्षणाची गरज नाही" असं लिहायची सोय उरली नाही. बाईंनी तो रकानाच काढून टाकला. ही चांगली गोष्ट झाली. मामाच्या घरात त्याने काही फरक पडला नाही.

अशी दोन वर्षं गेली. दुसरा झटका दुपारी बारा वाजता आला, मावशी यायच्या आधी. शेजारणीचा निरोप मिळून मामा वॉर्डातून धावत पोहोचला तोवर ती गेली होती. खुर्चीत, खिडकीशी, मान डावीकडे.

खाली न्यायला नवा मामा स्ट्रेचर घेऊन आला. पंचविशीचा, चपळ. त्याने सवयीने तिच्या काखांकडे हात नेले.

"थांब," मामा म्हणाला.

तो तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला. आडवा यायला आता कुठला हात नव्हता. त्याने एक हात पाठीमागून फऱ्याखाली सरकवला. दुसऱ्याने तिचा उजवा हात कोपरापाशी तोलून धरला, अंगाशी, जरासुद्धा लोंबणार नाही असा. सगळं नीट, एकेक करून. नवा मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"मामा," तो शेवटी न राहवून म्हणाला, "आता कशाला एवढं? आता काय दुखणार आहे त्यांना?"

"तू पाय धर," मामा म्हणाला.